पोलादनगरीच्या गच्चीवरील ऊन

१९५५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, दोन तारखेस, भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यामध्ये एक करार झाला. दुर्ग जिल्ह्यातील भिलाई नावाच्या खेड्याजवळ वर्षाला दहा लाख टन पोलाद देणारा कारखाना उभारावयाचा, असा तो करार होता. त्या दिवशी दुर्गचा कारभार नागपुराहून चालत होता, ही गोष्ट आज पुष्कळांच्या स्मरणात नसेल. जुन्या मध्यप्रदेश राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि दुर्गने भोपाळची वाट धरली. तत्पूर्वी १८५४ पर्यंत हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे भिलाईचा कारखाना उभा राहू लागला, तेव्हा नागपूर-विदर्भाकडून तेथे आलेल्या मराठी माणसाला आपण परमुलखात आलो असे फारसे वाटण्याचे कारण नव्हते. रेल्वेच्या एका रात्रीच्या आतले ते अंतर होते.

या कराराच्या सुमारे नऊ महिने अगोदर, २५ एप्रिल १९५४ रोजी, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एक लहानसे प्रदर्शन झाले. चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघा शास्त्रज्ञांनी सिलिकॉनच्या पातळ चकत्या उजेडात धरल्या आणि त्यांतून निघालेल्या विजेवर एक खेळण्यातले चक्र फिरवून दाखविले. अंगावर पडलेल्या उन्हापैकी अवघा शेकडा सहा भाग त्या चकत्या विजेत उतरवीत होत्या. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि जग पुन्हा कोळशाच्या कामाला लागले. भिलाईच्या करारावर सह्या करणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात या खेळण्याचा विचार आला असेल असे संभवत नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. पण या दोन घटनांची गाठ सत्तर वर्षांनी पडावयाची होती, आणि तीही कोणा मंत्र्याच्या मेजावर नव्हे, भिलाईच्या घरांच्या गच्चीवर.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, तांदुळा धरणाचे पाणी आणि कोरब्याच्या कोळशावरची वीज, असा तो संसार मांडला गेला. कारखान्यासोबत नगर आले. नगराचे क्रमवार सेक्टर पाडण्यात आले. प्रत्येक सेक्टरला शाळा, बाजार, सरळ रस्ते आणि रस्त्यांच्या कडेला झाडे. कामगाराला क्वार्टर मिळे, आणि क्वार्टरबरोबर दिवा मिळे. आसपासच्या खेड्यांत तेव्हा कंदील जळत होते. अशा प्रदेशात भिंतीवरची कळ दाबताच उजेड पडावा, याचे त्या पहिल्या पिढीला केवढे अप्रूप वाटले असेल! ती वीज कोठून येते, किती लागेल, ती कोणी मोजावयाची, याचा हिशोब घरधन्याने कधी केला नाही. तो त्याचा हिशोबच नव्हता. नगराची आखणी ज्या कचेरीत झाली, त्याच कचेरीत त्याच्या दिव्याचीही आखणी झालेली होती.

सूर्याला घरकामास लावण्याची कल्पना मात्र याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा एक मोठा अध्याय मुंबईत लिहिला गेला आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयात विल्यम अॅडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. न्यायालयाच्या कागदांतून सवड काढून हा गृहस्थ कुलाब्यातील आपल्या आवारात आरशांशी झटत असे. १८७८ च्या सुमारास त्याने पुष्कळसे सपाट आरसे अर्धवर्तुळात मांडून त्यांचे ऊन एका बाष्पपात्रावर एकवटले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला. त्याने एक सूर्यचूलही केली होती. जानेवारीच्या मुंबईत, म्हणजे ऊन सौम्य असताना, तिच्यावर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजले. उष्ण देशांत सूर्याची उष्णता हा इंधनाचा पर्याय होय, असे प्रतिपादन करणारे पुस्तकही त्याने त्याच वर्षी प्रसिद्ध केले. मुंबईला कोळसा बाहेरून आणावा लागतो आणि तो महाग पडतो, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. परंतु कोळसा स्वस्त होत गेला, आणि अॅडम्सचे आरसे विस्मृतीत गेले.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने हाच विचार पुन्हा हाती घेतला. पन्नाशीच्या दशकाच्या पूर्वार्धात तेथे एक अंतर्गोल आरशाची सूर्यचूल तयार झाली. तिची वाहवा झाली, ती बाजारातही आली, आणि पडली. तिचा दोष आरशात नव्हता; पाणी तिच्यावर उत्तम उकळे. पण गृहिणीचा मुख्य स्वयंपाक सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर. चूल मात्र भर दुपारच्या उन्हात अंगणात ठेवावयाची आणि थोड्या थोड्या वेळाने सूर्याकडे वळवावयाची. डोळे दिपविणाऱ्या त्या आरशापाशी उभे राहून भाकरी कोणी भाजावी? सूर्य किती उष्णता देतो याचे गणित शास्त्रज्ञांनी चोख केले होते. घर कधी जेवते हे मात्र त्यांनी विचारले नव्हते. सौर ऊर्जेच्या घरगुती इतिहासात ही चूक निरनिराळ्या रूपांत वारंवार झालेली दिसते.

सिलिकॉनची चकती महाग होती, म्हणून प्रथम ती जेथे दुसरा उपायच नाही अशा ठिकाणी, म्हणजे आकाशात गेली. १९५८ साली व्हॅनगार्ड या अमेरिकन उपग्रहावर ती बसली. भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९७७ मध्ये देशातील पहिली सौर चकती आणि पुढच्या वर्षी पहिले पॅनेल तयार केले. जमिनीवरही या पॅनेलने प्रथम वाट धरली ती तारेविना राहिलेल्या मुलखाची. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य वेगळे झाले आणि पुढच्या वर्षी अक्षय ऊर्जेसाठी राज्याची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. 'क्रेडा' या आद्याक्षरांच्या नावाने ती ओळखली जाते. जंगलातील ज्या वस्त्यांपर्यंत खांब आणि तार नेणे दुरापास्त होते, तेथे सूर्याचा दिवा पोहोचविणे हे तिचे काम. २०१६ साली शेतकऱ्यांच्या सौर पंपांसाठी सौर सुजला ही योजना आली. अशा रीतीने छत्तीसगडात सूर्याची वीज आधी अंधाऱ्या खेड्यात गेली, मग शेताच्या विहिरीवर गेली, आणि साठ वर्षे उजेडात राहिलेल्या भिलाईच्या घरात ती सर्वांत शेवटी शिरू लागली आहे. ज्याला दिवा मिळालेला आहे, त्याला दुसरा दिवा लावण्याची घाई नसते.

घाई उत्पन्न झाली ती विजेच्या बिलातून. राज्य सरकारने मार्च २०१९ पासून घरगुती ग्राहकांना पहिल्या चारशे युनिटांपर्यंत अर्धेच बिल आकारण्याची सवलत दिली होती. अशी सवलत असेपर्यंत गच्चीवर लाखाच्या वर रुपये घालण्याचा विचार मध्यमवर्गीय माणसाने करावा तरी कशाला? ऑगस्ट २०२५ मध्ये ही मर्यादा शंभर युनिटांवर आली, आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून ती पुन्हा दोनशेपर्यंत वाढविण्यात आली. दुसऱ्या बाजूने केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांसाठी 'प्रधानमंत्री सूर्यघर' योजना जाहीर केली. तीत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि २०२५ मध्ये छत्तीसगड सरकारने त्यात आपले ३० हजार घातले. या दोन बदलांनी भिलाईच्या घराघरांत जी वही उघडली गेली, ती पाहण्यासारखी आहे. नगराच्या इतिहासात प्रथमच घरधनी स्वतःच्या विजेची आखणी करावयास बसला.

ही आखणी सूर्यापासून सुरू करावी असे कोणालाही वाटेल. भिलाईत ऊन काय कमी आहे! परंतु खरा आरंभ बिलापासून होतो. वर्षभराची बारा बिले एका ओळीत मांडली म्हणजे घराची चाल कळते: थंडीत उतार, एप्रिल-मेमध्ये कूलर आणि वातानुकूलन यंत्र यांमुळे चढ, पावसाळ्यात मध्यम गती. समजा, नेहरूनगर किंवा स्मृतीनगर अशा वस्तीतील घर वर्षाच्या सरासरीने महिन्याला तीनशे साडेतीनशे युनिट वापरते. या भागात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते. म्हणजे तीन किलोवॅटचा संच दिवसाला बारा आणि महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देईल. त्याला सावली नसलेली सुमारे तीनशे चौरस फूट गच्ची लागते. शेजाऱ्याने पाच किलोवॅट बसविले म्हणून आपणही पाच बसवावे, हा हिशोब लग्नातल्या आहेरासारखा होतो. विजेला त्याचा उपयोग नाही.

यानंतर प्रश्न येतो गच्चीचा, आणि येथे भूगोलाची गाठ पडते. भिलाई विषुववृत्ताच्या उत्तरेस एकवीस अंशांहून किंचित वर आहे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढ्याच उतारावर ठेवावयाचे, हे यामुळेच. मेच्या अखेरीस एके दिवशी दुपारी येथे माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. नंतर जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम पंचेचाळीस अंश चढतो. पंचेचाळीस अंशांचा अर्थ गवंड्यालाही समजतो: वस्तूची जेवढी उंची, तेवढीच सावली. गच्चीचा दक्षिणेकडचा कठडा साडेतीन फुटांचा असेल, तर त्या दिवसांत दुपारी साडेतीन फूट जागा सावलीत जाते, सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी अधिक. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारच्याने नुकताच चढविलेला दुसरा मजला, या साऱ्यांची सावली अशीच मोजावी लागते. जो माणूस मे महिन्यात गच्चीवर जाऊन जागा ठरवितो, तो डिसेंबरात फसतो. पॅनेलच्या चकत्या माळेतील मण्यांसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात; थोड्याच चकत्यांवर सावली पडली, तरी तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ अधिक वीज बुडते.

भिलाईला ही अडचण विशेष आहे, कारण ती झाडांची नगरी आहे. पहिल्या पिढीने रस्त्यांच्या कडेने लावलेले वृक्ष आज छपरांच्या वर गेले आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या सावलीने घर थंड राहते आणि कूलर कमी चालतो. त्याच सावलीने पॅनेल आंधळे होते. अशा ठिकाणी फांदी छाटावी की पॅनेल दुसऱ्या कोपऱ्यात न्यावे, हा प्रश्न केवळ विजेचा नाही. निंबाचे जुने झाड तोडून सूर्याची वीज घेणे हे घर जाळून दिवाळी करण्यापैकी आहे, असे म्हणणाऱ्याशी वाद घालणे अवघड जाईल.

दुसरी गंमत उष्णतेची. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असा सर्वसाधारण समज असतो. पण पॅनेलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. चकतीचे तापमान पंचवीस अंशांच्या वर गेले की दर अंशामागे तिची शक्ती शेकडा एक तृतीयांशाहून काहीशी अधिक घटते. मेच्या दुपारी गच्चीवर तापलेले पॅनेल पासष्ट अंशांना पोहोचले, तर त्याच्या शक्तीचा सातवा-आठवा हिस्सा नुसत्या उष्णतेने गेलेला असतो. म्हणून ते गच्चीला चिकटवून बसवीत नाहीत. खालून वारा खेळेल इतके उंच ठेवतात. मात्र उंच ठेवले की उन्हाळ्यातील वादळाला त्याच्याखाली शिरावयास जागा मिळते, तेव्हा पायाला वजन हवे. आणि ते वजन देताना स्लॅबला भोके पाडली, तर पहिल्या पावसात खालच्या खोलीत पाणी येते. सिमेंटच्या ठोकळ्यांवर लोखंडी चौकट उभी करण्याची पद्धत याच अनुभवातून आली. धूळ ही तर दुर्गच्या उन्हाळ्याची सोबतीणच, आणि पोलादाच्या गावात ती अंमळ अधिक. काच पुसावयाची ती सकाळी किंवा सूर्य कलल्यावर; तापल्या काचेवर थंड पाणी ओतणे बरे नव्हे.

आणखी एका गोष्टीने पुष्कळ घरांचा विरस झालेला आहे. वर भर दुपारी पॅनेल तळपते आहे, आणि खाली पंखा बंद! कारण साधे आहे. बॅटरीविना बसविलेला संच सार्वजनिक तारेशी जोडलेला असतो. दिवसाची जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तारेतून परत घेतली जाते, आणि नेट मीटर दोहोंची वजाबाकी मांडतो. तारेतील वीज गेली की संचाचा इन्व्हर्टर आपणहून थांबतो. तो थांबला नाही, तर एखाद्या घराच्या गच्चीवरची वीज तारेत जाऊन खांबावर दुरुस्तीला चढलेल्या माणसाचा प्राण घेईल. ज्याला वीज गेल्यावरही पंखा हवा, त्याने बॅटरीचा संच घ्यावा आणि तिचा वेगळा खर्च आधीच वहीत मांडावा. ही गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नाही, तर विकत घेणाऱ्याने विचारली पाहिजे.

कठडा मोजला, बिले मांडली, अनुदान धरले, तरी भिलाईत एक प्रश्न उरतो, आणि तो इतर शहरांत सहसा उद्भवत नाही: गच्ची कोणाची? सूर्यघर योजनेला अर्जदाराच्या मालकीचे छप्पर लागते. नेहरूनगर, स्मृतीनगर, कोहका, जुनवानी येथील घरमालक राज्याच्या वितरण कंपनीचा ग्राहक. तो अर्ज करू शकतो. रस्ता ओलांडून सेक्टरात शिरले की घर कारखान्याचे, तार कारखान्याची, आणि मीटरही कारखान्याच्या नगर-विद्युत विभागाचा. हा विभाग कायद्याने स्वतंत्र वितरक मानला जातो. राज्याचा वीज नियामक आयोग त्याचे दर वेगळ्या आदेशाने ठरवितो. ज्या व्यवस्थेने १९५९ च्या सुमारास कामगाराला न मागता दिवा दिला, तिच्याच चौकटीत आज त्याच्या मुलाला स्वतःच्या डोक्यावरचे ऊन वापरावयाचे तर परवानगीचा प्रश्न आधी येतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. एकाने साऱ्यांची आखणी करावी या कल्पनेवर वसलेल्या गावात प्रत्येकाने आपापली आखणी करण्याची सोय कोणी ठेवली नव्हती, इतकेच.

मोठ्या मालकांना ही अडचण पडत नाही. चरोद्याजवळ रेल्वेच्या जमिनीवर पन्नास मेगावॅटचे सौर केंद्र उभे राहिले, आणि २४ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले; त्या विजेवर आगगाड्या धावावयाच्या आहेत. त्याच दिवशी शेजारच्या राजनांदगाव जिल्ह्यातील शंभर मेगावॅटच्या केंद्राचेही लोकार्पण झाले. दिवसाची वीज रात्रीसाठी साठविणाऱ्या प्रचंड बॅटऱ्या तेथे आहेत. पोलाद कारखान्याने मरोडा जलाशयाच्या पाण्यावर पंधरा मेगावॅटची तरंगती पॅनेले आखली. २००९ साली याच भिलाईत कोळशावरचे पाचशे मेगावॅटचे केंद्र सुरू झाले होते. त्याच्या तुलनेत हे आकडे लहान आहेत, पण दिशा बदललेली दिसते.

या शतकाच्या आरंभी कारखान्याने काही क्वार्टरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने आपल्या कर्मचाऱ्यांना व निवृत्तांना दिली. त्या घरांत राहणारा माणूस ना पुरता मालक, ना पुरता भाडेकरू. त्याने भिंती रंगविल्या, अंगणात पेरू लावला, गच्चीवर पाण्याची दुसरी टाकी चढविली. आता तो पट्ट्याचा कागद काढून वाचतो आहे. त्यात छपराविषयी काय लिहिले आहे ते शोधतो आहे. आणि सेक्टरातल्या क्वार्टरात नोकरीची अखेरची वर्षे काढणारा दुसरा कोणी रविवारी सकाळी जुनवानीकडे जातो, निवृत्तीनंतरच्या घरासाठी जागा पाहतो, आणि दलालाला पाण्याची चौकशी केल्यावर विचारतो, की दक्षिणेकडच्या भूखंडावर किती मजल्यांना परवानगी आहे.